सात, नऊ, बारा : मजकुराचे रूपांतर करणाऱ्या यंत्राची समीक्षा

१

गेल्या वर्षी दसरा-दिवाळीच्या मधल्या दिवसांत आमच्या नाचणगावातली एक बाई माझ्याकडे आली. तिच्या आईच्या वर्षश्राद्धाला नातेवाइकांना वाटण्यासाठी तिला चार पानांची पुस्तिका काढायची होती. तिची आई जात्यावर ओव्या म्हणत असे, आणि त्या मी पंचवीस-सव्वीस वर्षांपूर्वी उतरवून घेतल्या होत्या, हे तिला ठाऊक होते. मी संगणकावरची नवी प्रत उघडली, शेवटच्या सूचीत तिच्या आईच्या नावापुढचे आकडे पाहिले आणि त्या आकड्यांच्या ओव्या कागदावर काढून दिल्या. दुसऱ्या दिवशी ती कागद घेऊन परत आली. म्हणाली, "गुरुजी, हे ओवी माह्या मायची नोहे. माह्या मायले भाऊच नोता."

कागदावरच्या पाचपैकी तीन ओव्या भाऊरायाच्या होत्या. माहेरच्या वाटेकडे डोळे लावून बसलेली बहीण, मुराळी, चोळीचा खण असा सगळा ऐवज त्यांत होता. जिला भाऊ नाही ती बाई अशा ओव्या म्हणणारच नाही, असा नियम नाही. जात्यावर परंपरा बोलते. पण लेक आईच्या ओव्या ओळखते. मी माळ्यावरची जुनी वही काढली. लेकीचे म्हणणे खरे होते. त्या तीन ओव्यांपैकी दोन माझ्या स्वतःच्या आईच्या होत्या.

चूक वहीत नव्हती, सूचीतही नव्हती. ओव्यांचे आकडे बदलले होते. ते कोणी माणसाने बदलले नव्हते. एका स्वरूपातला मजकूर दुसऱ्या स्वरूपात नेणाऱ्या यंत्राने, म्हणजे संगणकातल्या आज्ञावलीने, नियमाप्रमाणे वागून ते बदलले होते. या लेखाचा विषय ते यंत्र आहे. भाषांतराची समीक्षा आपण करतो, संपादनाची करतो, पाठभेदांवर तर पिढ्यान्‌पिढ्या वाद घालतो. मग ज्या रूपांतरातून आज मराठीतले जवळजवळ प्रत्येक छापील पान जाते, त्याची समीक्षा का नको?

२

आधी मूळ ऐवजाविषयी. १९९७-९८च्या सुमारास मी नाचणगावातल्या चौदा बायांकडून ओव्या उतरवून घेतल्या. तेव्हाच जाती कोपऱ्यात पडली होती. दळण पुलगावच्या चक्कीवर जात होते. बाया आठवून आठवून म्हणत. आमचे गाव देवळी तालुक्यातले, पुलगावला लागून. त्यामुळे ओव्यांत पऱ्हाटी आहे, वेचणी आहे, आणि पुलगावच्या कापड गिरणीत कामाला जाणारा घरधनीही आहे.

वहीत ३११ ओव्या झाल्या. त्यांतल्या पुन्हा पुन्हा आलेल्या, अर्धवट राहिलेल्या वगळून १८२ निवडल्या. पण आकडे मात्र वहीतलेच ठेवले. म्हणून माझ्या निवडीतली पहिली ओवी सातवी होती, दुसरी नववी, तिसरी बारावी. मधली गळती वाचणाऱ्याला दिसावी, इथे काहीतरी वगळले आहे हे कळावे, असा हेतू होता. विषयवार विभाग पाडले नाहीत. साने गुरुजींच्या 'स्त्री जीवन'मध्ये ओव्या नात्यागोत्यांप्रमाणे लावल्या आहेत, आणि त्या पुस्तकाचे मोल मोठे आहे. पण मला कोणती बाई कशानंतर काय म्हणते हे जपायचे होते. शेवटी गायिकांची सूची केली : नाव आणि पुढे आकडे. ओवी आणि बाई यांना जोडणारा धागा एवढाच होता, आकडा.

हा मजकूर १९९९ साली पुलगावातल्या एका टंकलेखकाने संगणकावर चढवला. पुस्तक काही निघाले नाही. पैसे जमले नाहीत. फाईल तबकडीवर राहिली. दोन वर्षांपूर्वी माझ्या पुतण्याने ती मनावर घेतली आणि दोन टप्प्यांत तिचे रूपांतर केले : आधी जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये, मग साध्या मजकुरातून ई-पुस्तक आणि छपाईच्या प्रतीत. दोन्ही टप्प्यांवर काय घडले ते आता क्रमाने पाहू. पुतण्याने वापरलेल्या साधनांची नावे मी घेत नाही, कारण चूक एका साधनाची नाही.

३

पहिला टप्पा फॉन्टचा. युनिकोड सर्वत्र रुळण्यापूर्वी मराठी टंकन ज्या फॉन्टांमध्ये होई, त्यांत खरे मराठी अक्षर नसायचेच. संगणकाच्या पोटात रोमन अक्षरांचे संकेत असत आणि फॉन्ट त्यांच्यावर देवनागरीचे मुखवटे चढवी. कागदावर 'क' दिसे, आत भलतेच काही असे. प्रत्येक कंपनीचे मुखवटे वेगळे. फॉन्ट गेला की उरे तो अर्थहीन रोमन अक्षरांचा ढीग. भारतीय लिप्यांसाठी इस्की ही संकेतप्रणाली १९९१ साली भारतीय मानक ठरली, युनिकोडची पहिली आवृत्तीही त्याच वर्षाची. पण छपाईच्या दुकानांतून मुखवट्यांचे राज्य पुढे बरीच वर्षे चालले.

मराठीला हा अनुभव नवा नाही. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत उतरवले. एका अक्षराच्या जागी दुसरे अक्षर किंवा नवेच चिन्ह, अशी ती रचना. शतकानुशतके हे वाङ्मय पंथाबाहेरच्या वाचकाला बंद होते, वि. ल. भावे, वि. का. राजवाडे यांच्यासारख्या संशोधकांच्या खटपटीने त्याची किल्ली विसाव्या शतकात सर्वांच्या हाती आली. जुना फॉन्ट ही एक सकळ लिपीच आहे. फरक एवढाच, की महानुभावांनी कुलूप जाणूनबुजून लावले आणि किल्ली गुरुपरंपरेत जपली. आम्ही कुलूप नकळत लावले आणि किल्ली दुकान बंद झाले तेव्हा फेकून दिली.

या कुलपाची किल्ली करणे वाटते तितके सोपे नाही. जुन्या फॉन्टात ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टंकली जाई, कारण ती डोळ्यांना आधी दिसते. युनिकोडमध्ये ती उच्चाराच्या क्रमाने, व्यंजनानंतर येते. रफाराचे उलटे : जुन्या पद्धतीत तो अक्षर झाल्यावर डोक्यावर ठेवायचा, युनिकोडमध्ये त्याचा 'र' आधी येतो, कारण उच्चार आधी होतो. म्हणजे रूपांतर करणाऱ्याला नुसती अक्षरे बदलून चालत नाही. 'दिसणे' आणि 'म्हणणे' यांतला क्रम उलटवावा लागतो. बहुतेक साधने हे काम चोख करतात. आमच्याही साधनाने केले.

घोटाळा झाला तो मराठीच्या खास जागी. आचार्यांना वंदन करायचे असते आणि आचाऱ्यांना स्वयंपाक सांगायचा असतो. या दोन शब्दांतला भेद डोक्यावरचा रफार आणि अंगावरचा अर्धा 'ऱ' यांनीच राहतो. हिंदीला या अर्ध्या 'ऱ'ची गरज पडत नाही. मराठीचे त्याच्यावाचून भागत नाही. युनिकोडमध्ये तो दोन प्रकारे लिहिता येतो : एक, 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर वापरून, जे मुळात द्राविडी भाषांतला एक उच्चार दाखवण्यासाठी होते, दोन, साध्या 'र'ला हलन्त करून त्यापुढे न दिसणारे एक जोडचिन्ह ठेवून. दिसायला दोन्ही सारखे. यंत्राच्या लेखी मात्र ते दोन वेगळे शब्द आहेत. एकाने शोधले तर दुसरा सापडत नाही. आणि मजकूर स्वच्छ करणारे एखादे साधन ते अदृश्य चिन्ह कचरा समजून झाडून टाकते, तेव्हा उरतो तो नुसता रफार.

आमच्या प्रतीत असेच झाले. पऱ्हाटीची 'पर्हाटी' झाली. सासऱ्याचा 'सासर्या' झाला. वऱ्हाडाचे 'वर्हाड' झाले. ज्या प्रदेशाच्या नावातच हे अक्षर आहे, त्याच प्रदेशातल्या ओव्यांतून ते गेले. यात कोणाचा दुष्टावा नाही. पण मराठी न येणाऱ्याच्या नियमाने मराठी मजकूर गाळला, की चाळणीत काय अडकून राहते ते यावरून कळते.

४

दुसरा टप्पा मजकुराच्या खुणांचा. इथे थोडे विस्ताराने सांगायला हवे, कारण वाङ्मयाच्या वाचकाला हा भाग रुक्ष वाटतो आणि खरी वाङ्मयीन गंमत इथेच आहे.

लेखकाच्या हस्तलिखितावर संपादक खुणा करतो : हे शीर्षक, हे अवतरण, इथे नवा परिच्छेद, हे जाड ठशात. संगणकाने या खुणा मजकुरातच लिहून ठेवण्याची पद्धत पाडली. १९८६ साली एसजीएमएल ही अशा खुणांची आंतरराष्ट्रीय मानक पद्धत झाली. वेबपानांची एचटीएमएल तिच्याच वंशातली. गणितज्ञांसाठी डोनाल्ड कनुथ यांची टेक प्रणाली त्याआधीपासून होती. २००४ साली जॉन ग्रूबर यांनी मार्कडाउन ही अगदी हलकी पद्धत काढली. तीत खुणा अशा, की त्या न काढताही मजकूर वाचता यावा : शब्दाच्या दोन्ही बाजूंना तारका ठेवली की तो तिरका, ओळीच्या सुरुवातीला आकडा आणि बिंदू ठेवला की यादी.

पद्धती वाढल्या तशी एकीतून दुसरीत नेणाऱ्या दुभाष्यांची गरज वाढली. वीस पद्धती असतील तर प्रत्येकीतून प्रत्येकीत जायला ३८० दुभाषे लागतील. २००६ साली पुढे आलेल्या पँडॉक या मुक्त आज्ञावलीने यावर जुनाच पण उत्तम उपाय वापरला : मध्ये एक समाईक रूप ठेवायचे. प्रत्येक पद्धतीसाठी एक वाचणारा आणि एक लिहिणारा. वाचणारा मजकूर समाईक रूपात आणतो, लिहिणारा तिथून हव्या त्या रूपात नेतो. ३८०चे काम चाळीसांत होते. या आज्ञावलीचे कर्ते जॉन मॅकफार्लन हे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेत तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक आहेत. सत्य हे पारखणाऱ्याच्या जागेवर कसे अवलंबून असते, या विषयावर त्यांचा ग्रंथ आहे. योगायोग म्हणावा तर मोठा मार्मिक.

हे मधले समाईक रूप मी साहित्यकृती वाचावी तसे वाचले, आणि माझ्या समीक्षेचा मुख्य मुद्दा त्यावरच आहे. त्या रूपात कोणकोणत्या गोष्टींना जागा आहे? परिच्छेद, शीर्षक, अवतरण, यादी, तक्ता, तळटीप, संदर्भनिर्देश, गणिती सूत्र, संगणकीय आज्ञांचा तुकडा. ही यादी वाचताना डोळ्यांपुढे काय उभे राहते? विद्यापीठातला शोधनिबंध. त्यात संदर्भांची आणि तळटिपांची जी बारीक काळजी घेतली आहे ती पाहून कोणीही अभ्यासक सुखावेल. कवितेलाही जागा आहे. तिचे नाव 'ओळींचा गट'. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला एक उभी रेघ ठेवली की यंत्र ओळी मोडत नाही. पण 'ही ओवी', 'हे पालुपद', 'ही अमकीने म्हटली' असे स्वतःहून समजणारा कप्पा त्यात नाही.

प्रत्येक मध्यस्थ रूप हा वाङ्मयाविषयीचा एक सिद्धान्तच असतो. मजकुरात आशय कोणता आणि दिखावा कोणता, हे ते आधीच ठरवून बसलेले असते. जे आशयात धरले ते पलीकडे पोहोचते, जे दिखाव्यात धरले ते वाटेत गळते. पँडॉकची पुस्तिका हे प्रांजळपणे सांगते : जी पद्धत या मधल्या रूपापेक्षा अधिक व्यक्त करू शकते, तिच्यातून येताना काही गमावण्याची तयारी ठेवा. इतका प्रांजळ दुभाषा मराठीतल्या भाषांतरांच्या प्रस्तावनांतही क्वचित भेटतो.

५

आता आमच्या ओव्यांचे काय झाले ते सांगतो. फॉन्ट बदलून आलेला मजकूर साधा होता. खुणा काहीच नव्हत्या. तो मार्कडाउन म्हणून वाचला गेला, आणि त्या कुळातल्या बहुतेक साधनांचे जे नियम आहेत ते लागू झाले.

पहिला नियम : नुसती ओळ तोडली तर तो ओळीचा शेवट नव्हे, मध्ये एक रिकामी ओळ असेल तरच नवा परिच्छेद. म्हणून ओवीच्या दोन ओळी एकमेकींना चिकटून गद्यासारख्या झाल्या. दुसरा नियम : तारकांमधला शब्द तिरका. मी ऐकताना शंका राहिलेल्या शब्दांभोवती तारका घातल्या होत्या. तारका गेल्या, शब्द तिरके झाले. आणि तिरका शब्द वाचक जोर देऊन वाचतो. जिथे मला खात्री नव्हती तिथे मी ठासून सांगतो आहे असे दिसू लागले. तिसरा नियम : रिकाम्या ओळीनंतर चार जागा सोडून सुरू होणारा मजकूर म्हणजे संगणकीय आज्ञा. निवेदनात मध्येच उद्धृत केलेल्या आठ-दहा ओव्या मी अशाच आत सरकवून लिहिल्या होत्या. त्या करड्या चौकटीत, यंत्राच्या ठशात उमटल्या. हे तिन्ही दोष पुतण्याच्या लगेच लक्षात आले. त्याने ते काढले.

चौथा नियम कोणाच्या लक्षात आला नाही, कारण तो दिसतच नाही. यादीतला पहिला आकडा तेवढा पाहायचा. पुढचे आकडे लेखकाने काहीही लिहिले असोत, यंत्र ते क्रमाने नव्याने घालते. नियमामागे शहाणपण आहे : लेखक यादीत मध्येच एक कलम घालतो, एक काढतो; प्रत्येक वेळी आकडे त्याने का सुधारावेत? म्हणजे या सिद्धान्तात आकडा हा दिखावा आहे, आशय नव्हे. माझ्या सात, नऊ, बारा या ओव्या सात, आठ, नऊ झाल्या. शेवटची ३११वी ओवी १८८वी झाली. सूची मात्र वेगळी होती, ती यादीच्या रूपात नव्हती. तिच्यातले आकडे जसेच्या तसे राहिले. पान सुबक दिसत होते. प्रत्येक बाईच्या नावापुढे मात्र दुसऱ्याच कोणाच्या तरी ओव्या उभ्या होत्या. १८८च्या पुढचे आकडे सूचीत आहेत आणि मजकुरात नाहीत, एवढे जरी मी पाहिले असते तरी कळले असते. मी पाहिले नाही.

यात एक उपरोध आहे, तो सांगितल्यावाचून राहवत नाही. जुन्या फॉन्टात कागदावर मराठी सात दिसत असे, पण आत इंग्रजी साताचाच संकेत होता. फॉन्ट बदलणाऱ्या साधनाने तो तसाच ठेवला. त्याने तो खऱ्या देवनागरी आकड्यात बदलला असता तर सगळे आकडे वाचले असते. कारण यादीचा आकडा म्हणून हे नियम फक्त इंग्रजी आकडेच ओळखतात. देवनागरी आकडा यंत्राला आकडा वाटतच नाही, म्हणून ते त्याला हात लावत नाही. महानुभावांच्या पोथ्यांनाही अशाच अनोळखीपणाने एका परीने राखले, असे म्हणता येईल.

६

इथे कोणी म्हणेल : पोथीतही ओवी सलग गद्यासारखीच लिहिलेली असते. शब्दसुद्धा तोडलेले नसतात. मग यंत्राने ओळी चिकटवल्या तर बिघडले कुठे? आक्षेप बरोबर आहे, आणि त्याचे उत्तरच निर्णायक आहे. पोथीचा लेखक कागद वाचवण्यासाठी ओळ मोडत नव्हता, पण ओवी संपली की दंड देत होता आणि आकडा घालत होता. ओवीचे रूप त्याने सोडले, तिचा पत्ता सोडला नाही. ज्ञानेश्वरीतली ओवी आजही आपण अध्याय आणि आकडा सांगूनच शोधतो. मुद्रणाने ओळी परत तोडून दिल्या; आकडे होते म्हणूनच ते शक्य झाले. म्हणजे हस्तलिखितांच्या परंपरेने जे दिखावा मानले ते यंत्राने आशय मानले असते तरी चालले असते. पण जे परंपरेने आशय मानले तेच नेमके यंत्राने दिखावा ठरवले.

परंपरेतही रूपांतर निर्दोष नव्हते. मोडी लिहिताना ऱ्हस्व-दीर्घाचा भेद सहसा पाळला जात नसे. मोडीचे बाळबोध करणारा तो स्वतःच्या पदरचा घालतो. म्हणजे रूपांतरात नुसते गळत नाही, भरही पडते. 'किर्लोस्कर' मासिकाने सावरकरांच्या लिपिसुधारणेप्रमाणे 'अ'ची बाराखडी चालवली. आमच्या वर्ध्याच्या राष्ट्रभाषा प्रचार समितीनेही हिंदीसाठी ती स्वीकारली होती. 'अि' आणि 'अु' असे छापलेले ते मजकूर आज संगणकावर चढवताना 'इ', 'उ' केले तर शोधणे सोपे होते, पण एका चळवळीची खूण पुसली जाते. दोन्ही पर्याय समर्थनीय आहेत. असमर्थनीय आहे ते न सांगता करणे.

शके १५०६ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. तेव्हा त्यांनी काम केल्याची नोंद ग्रंथाच्या शेवटी केली : कधी केले, का केले, आणि पुढच्यांनी त्यात आपल्या ओव्या घुसडू नयेत. मराठी संपादनाचा पहिला धडा तिथे आहे. रूपांतर करणाऱ्याने आपली सही मागे ठेवावी. आपले यंत्र सही करत नाही. ते इतके बिनबोभाट काम करते, की काम झाले आहे हेच कळत नाही. माझा मुख्य आक्षेप त्याच्या चुकांवर नाही, या मौनावर आहे.

७

पण समीक्षेने यंत्राची बाजूही मांडली पाहिजे. पँडॉकच्या मधल्या रूपात मजकुराच्या कोणत्याही तुकड्याभोवती नाव असलेली पेटी घालता येते. तिच्यावर हवी ती चिठ्ठी डकवता येते. 'ओवी' अशी चिठ्ठी, 'गायिका' अशी चिठ्ठी, 'भाषा मराठी' अशी चिठ्ठी. शेवटची चिठ्ठी क्षुल्लक नाही : ती गळली तर काही फॉन्ट 'ल' आणि 'श' ही अक्षरे हिंदी वळणाने दाखवतात आणि मराठी पान परके दिसू लागते. आकड्यापुढच्या बिंदूआधी एक तिरपी रेघ ठेवली असती तर यंत्राने यादी केलीच नसती. थोडक्यात, यंत्राला सांगता येत होते. आम्ही सांगितले नाही. आम्ही त्याला साधा मजकूर दिला आणि ओवी कळावी अशी अपेक्षा केली.

अधिक समजूतदार पद्धतीही आहेत. १९८७ साली सुरू झालेल्या टीईआय या उपक्रमाने साहित्य आणि हस्तलिखितांसाठीच खुणांची पद्धत रचली. तीत पद्याची ओळ, ओळींचा गट, बोलणारी व्यक्ती, गळालेली जागा, अस्पष्ट शब्द, मूळ पाठ आणि सुधारलेला पाठ या सर्वांना वेगळे कप्पे आहेत. माझ्या तारकांना तिथे त्यांचा खरा अर्थ मिळाला असता. विकिस्रोतावर 'कविता' अशी खूण आहे, तिच्या आतल्या ओळी मोडत नाहीत. आणि मराठीतलेच उदाहरण हवे तर हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी उभा केलेला जात्यावरच्या ओव्यांचा प्रकल्प पाहावा. लाखाहून अधिक ओव्यांचा तो संग्रह पुढे 'पारी'च्या संकेतस्थळावर टप्प्याटप्प्याने येऊ लागला. तिथे ओवी गायिकेच्या नावागावासह भेटते. ओवी आणि बाई यांचे नाते तिथे एका आकड्याच्या भरवशावर सोडलेले नाही. माझ्या सूचीचा दोष तो होता : एवढे मोठे नाते मी इतक्या बारीक धाग्याने बांधले.

दिवाळी अंकाच्या वाचकाला हे दूरचे वाटू नये. तुमच्या हातातले हे पानही असाच प्रवास करून आले आहे. लेखक युनिकोडमध्ये लिहून पाठवतो. अनेक ठिकाणी मांडणीसाठी ते छपाईच्या जुन्या फॉन्टात नेले जाते. अंकाची ई-आवृत्ती काढायची तर पुन्हा युनिकोडमध्ये आणले जाते. दर वळणावर कोणीतरी ठरवते, की आशय काय आणि दिखावा काय. मुद्रितशोधक अक्षर पाहतो. ओळ, आकडा, जोडणी कोण पाहते?

म्हणून चार साध्या गोष्टी सुचवतो. मूळ फाईल आणि तिचा फॉन्ट दोन्ही जपावेत, रूपांतर झाल्यावरही. हातची वही तर कधीच टाकू नये. रूपांतरित प्रतीच्या शेवटी चार ओळींची नोंद असावी : कशातून कशात, कधी, कोणी, आणि काय बदलले. ओवी, अभंग, पाळण्यासाठी साध्या मजकुरावर विसंबू नये. ओळीला ओळ म्हणून आणि म्हणणारीला म्हणणारी म्हणून खूण करावी. आणि रूपांतर झाल्यावर तपासणी आरंभापासून करू नये, शेवटापासून करावी. आरंभी यंत्र नेहमी बरोबर असते.

८

वहीवरून सगळे आकडे परत घातले, या वेळी अक्षरांत : सातवी, नववी, बारावी. प्रत्येक ओवीखाली गायिकेचे नाव लिहिले. पऱ्हाटी परत पऱ्हाटी झाली. शेवटी नोंद जोडली, तीत पुतण्याचे नाव आहे आणि माझेही. चूक दोघांची होती. चौदा बायांपैकी आज दोघीच आहेत. त्यांना त्यांच्या ओव्या वाचून दाखवल्या. एकीने मध्येच थांबवून एका तारकेचा शब्द दुरुस्त करून दिला. पंचवीस वर्षे मी तो चुकीचा ऐकला होता.

ती लेक पुस्तिकेच्या प्रती घेऊन आली तेव्हा मी आधी आकडा पाहिला. तिने मात्र ओवी वाचली, कागद खाली ठेवला आणि एवढेच म्हणाली, "हे मायची."